ओळखलं काय मले?

वडिलांना लकवा मारला त्या दिवशी मी अकोल्यात, जठारपेठेतल्या घरी, दहावीचे पेपर तपासत बसले होते. गावाहून, तिवशाहून भावाचा फोन आला आणि मी अंगावरच्या साडीनिशी निघाले. अमरावतीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांचा डावा हात लुळा पडला होता, पण बोलणं शाबूत होतं. स्कॅनच्या आधी काढलेला त्यांचा चष्मा आणि कानाचं यंत्र कुणीतरी माझ्या हातात दिलं. हरवायला नको म्हणून मी ते रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं भलतंच सुरू झालं. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, वॉर्डालाच गाडी समजू लागला. "तिवसा आलं! घंटी मारा, मले उतरू द्या!" असं ओरडत त्यांनी चांगल्या हातानं नाकातली जेवणाची नळी उपसून काढली. डॉक्टर म्हणाले, याला डेलिरियम म्हणतात, मेंदूला असा धक्का बसला की भ्रम होतो, बहुतेकांचा उतरतोही. पण नळी पुन्हा काढली तर हात खाटेला बांधावा लागेल. एकच तर हात उरला होता त्यांना.

"आजचा दिवस मले द्या साहेब," वॉर्डातली मोठी सिस्टर म्हणाली. पन्नाशीची बाई, आवाज असा की शाळेत शिकवायला लागून बारा वर्षं झाली तरी मला तसा जमलेला नाही. तिनं ताप पाहिला, लघवी तुंबली नाही ना ते पाहिलं, खिडकीचा पडदा सारला. मग माझ्याकडे वळली. "बाबा चष्मा नाही लावत काय?"

मी पर्स उघडली. रुमालाची गाठ सोडताना मान वर होईना. तीन दिवस माझा बाप न दिसता, न ऐकू येता पडून होता, आणि त्याचे डोळे-कान मी अगदी जपून ठेवले होते.

दुपारी भेटायला नातेवाईक आले. राजापेठची मावशी खाटेवर वाकली, "ओळखलं काय मले? सांगा बरं, कोण मी?" मागून काकांनी तेच विचारलं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायची रीतच ही. आणि मी तर मास्तरीण! "बाबा, मी कोण? आज वार कोणता? सांगा पाहू," मी एकेक शब्द ठासून विचारला. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि हात तडक नळीकडे गेला.

सिस्टरनं तो हात वरच्यावर धरला आणि आपल्या दोन्ही हातांत ठेवून घेतला. "परीक्षा कावून घेऊन राहिले तुमी त्यायची? उत्तर येत नाई म्हणूनच तं भेव वाटते त्यायले. उत्तर तुमीच सांगा."

मला राग आला. माझाच आला, पण काढायला कुणी सापडेना. तिनं सगळ्यांना बाहेर पाठवलं. यापुढे एकेकानं यायचं, चांगल्या हाताच्या, उजव्या बाजूनं, आणि आधी आपण कोण, ते कुठे आहेत, किती वाजले, हे सांगायचं.

सख्ख्या बापाला आपली ओळख करून द्यायची! जीभ अडखळली. "बाबा, मी तुमची मोठी पोरगी. तुमी अमरावतीच्या दवाखान्यात हाय. दुपारचे तीन वाजले."

"माही गाडी सुटून राहिली," ते म्हणाले.

"गाडी दुसरा कंडक्टर घेऊन गेला बाबा," मी म्हणणार होते. सिस्टरनं डोळ्यांनीच नको म्हटलं. खोटं सांगायचं नाही, हुज्जतही घालायची नाही. हाताला काम म्हणून तिनं त्यांच्या हातात घडी घातलेला टॉवेल दिला. ते त्याच्या कडा सारख्या करत बसले. हात बांधावा लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तीच तीन वाक्यं दिवसातून तीस वेळा म्हणत होते, आणि दर वेळी ती नव्यानं ऐकत असल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते.

पाचव्या दिवशी मी चहा पिऊन आले. ते चष्मा लावून दाराकडेच बघत होते. उजव्या बाजूनं जवळ गेले, पण त्यांची नजर पाहिली आणि माझी तीन वाक्यं म्हणायचीच राहून गेली.

त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"मी तुहा बाप," ते सावकाश म्हणाले. "तू अमरावतीच्या दवाखान्यात हाय. सकाळचे अकरा वाजले. ओळखलं काय मले?"