पेवातून वर आलेले मास्तर

विझत चाललेला मेंदू आता औषधानं वाचवता येतो, विज्ञान तिथवर पोचलं आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी हे उभं राहून सांगितलं. खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर माझे काका बसले होते.

काका खटकचिंचोळीच्या मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत. आमच्याकडे ज्वारी जमिनीखालच्या पेवात ठेवत. पेव उघडलं की दिवसभर हवा खेळू द्यायची, मग पेटता कंदील दोरीनं आत सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. त्या उन्हाळ्यात कंदील विझला.

"मास्तर, नका उतरू," गडी म्हणाला.

"अरे, तेल संपलंय त्यातलं," काका म्हणाले आणि उतरले.

कमरेला दोर होता म्हणून वर आले. श्वास सुरू झाला, संध्याकाळपर्यंत बोलूही लागले, पण काकूला अक्का म्हणू लागले.

"अक्का कामून म्हणायलाव? बायको हाय मी तुमची!"

"व्हय, व्हय," काका म्हणत, आणि पुन्हा अक्काच.

शाळा उघडायला सहा आठवडे होते. तोवर डोकं ठिकाणावर आलं नाही तर नोकरी जाणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मग गोळ्या लिहिल्या. मी विचारलं, "नाही दिल्या तर?"

"हळूहळू बरे होतील."

"आणि दिल्या तर?"

"बरे होतील. हळूहळू."

खोक्यातला कागद मी घरी वाचला. विसरभोळेपणा, चक्कर, म्हातारपण, मुलांचं अभ्यासात लक्ष नसणं, सगळ्यांवर हीच गोळी. प्राणवायू कमी पडल्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता, तोही 'उपयोगी ठरू शकते' एवढाच.

"चांगलं लिवलंय का?" काकूनं विचारलं. मी हो म्हणालो.

ती रोज गोळी द्यायची आणि सतराचा पाढा म्हणवून घ्यायची. काका सतरा सातेपर्यंत नीट यायचे. पुढं थांबून छताकडे पाहायचे. दोन आठवड्यांनी अक्का म्हणणं बंद झालं. डॉक्टर खूश झाले. ते गोळीनं बंद झालं, दिवसांनी की काकूच्या ओरडण्यानं, हे मला आजही सांगता येणार नाही.

शाळा उघडण्याआधी डॉक्टरांनी शेवटचं तपासलं. नाव, गाव, वार, पंतप्रधान. सगळं बरोबर आलं. 'पूर्ण बरे' असा मोठ्या सहीचा दाखला मिळाला. सतरा आठे किती, हे त्यांनी विचारलं नाही.

तो पाढा काकांना पुन्हा कधीच पुरा आला नाही. त्याच वर्षी सेवाज्येष्ठतेनं ते मुख्याध्यापक झाले. मुख्याध्यापकाला गणिताचा तास नसे.