नऊ बाटल्या

त्याला प्रयोगशाळेत सगळे दशांश म्हणत. तोंडावर 'सर', पाठ वळली की दशांश. नाव काही वाईट मनाने ठेवलेलं नव्हतं. चहा कसा झालाय असं विचारलं, तर हा माणूस घोट घेऊन म्हणायचा, "साखर साधारण सव्वादोन टक्के जास्त आहे." लग्नानंतर बायकोने एकदा लाडात येऊन विचारलं, "माझ्यावर तुमचं प्रेम आहे ना हो?" तर हा दोन क्षण थांबला. पुढे आठवडाभर बायको येता-जाता विचारत होती, "आला का हो आकडा?"

अशा माणसाची चूकही टापटिपीची असते, म्हणून ती लवकर सापडत नाही. दशांशची तर दीड वर्ष सापडली नाही. खरं सांगायचं तर त्याला ती पहिल्या दिवसापासून सापडलेली होती. त्याने तिच्यावर छानसं झाकण ठेवलं होतं, एवढंच.

मधात साखरेचा पाक मिसळलाय का, हे ओळखणारं यंत्र त्याने तयार केलं होतं. यंत्र साधं होतं. मधाच्या थेंबातून डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडायचा आणि कुठल्या लांबीच्या लाटेचा किती प्रकाश मधाने गिळला ते मोजायचं. एका थेंबाचे सातशे आकडे मिळतात. त्या सातशे आकड्यांत माणसाला काही दिसत नाही, पण गणिताला दिसतं. या गणिताला केमोमेट्रिक्स असं भारदस्त नाव आहे. त्याचा गाभा मात्र लहान मुलाला शिकवण्यासारखाच. हा शुद्ध मध, हा पाच टक्के पाकाचा, हा वीस टक्क्यांचा, असं दोनशे वेळा दाखवायचं, आणि मग नवा थेंब ठेवून विचारायचं, सांग पाहू, यात पाक किती?

शुद्ध नमुने आणायला दशांश स्वतः मधपाळांकडे गेला. दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता. डोंगराच्या वरच्या उतारावर एक मधवाल्या मावशी होत्या. त्या आणि त्यांची जाऊ, दोघी मिळून पेट्या सांभाळायच्या. मावशींनी त्याच्यासमोर पेट्या उघडल्या, पोळी काढली, आणि नऊ पेट्यांच्या नऊ बाटल्या त्याच्या डोळ्यांदेखत भरल्या. मध गडद होता, जवळजवळ काळा.

मावशींनी बोट बुडवून जिभेवर ठेवलं. क्षणभर डोळे मिटले.

"हा फुलांचा नाही, साहेब. यंदा वरची फुलं करपली. पानांवर किडे चिकट गोड रस सोडतात ना, तो माश्यांनी चाटलाय. पूर्वेकडच्या झाडांचा आहे. दोन आठवड्यांपूर्वीचा असेल."

"हं," दशांश म्हणाला. तो तेव्हा थर्मामीटर पाहत होता. त्याने वहीत लिहिलं, २७.३ अंश. झाकणं घट्ट लावली आणि बाटल्यांवर क्रमांक टाकले, ११८ ते १२६. मावशी काय बोलल्या ते त्याने ऐकलं होतं. लिहिलं मात्र नाही, कारण जिभेला एकक नसतं.

यंत्र शिकून तयार झालं तेव्हा त्याने आलेख काढला. आडव्या रेषेवर खरा पाक, उभ्या रेषेवर यंत्राने सांगितलेला. सगळे ठिपके एका तिरप्या सरळ रेषेवर बसले. फक्त नऊ ठिपके बाजूला उभे राहिले. हे नऊही शुद्ध, यंत्र मात्र म्हणत होतं, यांत तेरा-चौदा टक्के पाक आहे. क्रमांक ११८ ते १२६.

अशा ठिपक्याला त्यांच्या धंद्यात आउटलायर म्हणतात, आणि तो काढून टाकायला बंदी नाही. कारण मात्र द्यावं लागतं. दशांशने पेन्सिलीने वहीत लिहिलं, 'ओलावा?' आणि नऊ ठिपके पुसले. रेषा इतकी सरळ झाली की त्याला ती दुपारभर बघत बसावंसं वाटलं. शोधनिबंध छापताना पेन्सिलीतलं ते प्रश्नचिन्ह गळालं. 'ओलाव्यामुळे नऊ नमुने वगळले,' असं ठाम वाक्य छापून आलं. मोठ्या साहेबांनी तो आलेख चौकटीत बसवून जिन्यापाशी लावला. मधपाळांच्या संघाने यंत्र विकत घेतलं आणि जाहीर केलं की इथून पुढे यंत्र सांगेल तोच मध शुद्ध.

दीड वर्षाने एका सकाळी मावशी प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. हातात तशाच काळ्या मधाची बरणी आणि घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद. कागदावर लिहिलं होतं, पाक १३.४ टक्के. खाली शिक्का, भेसळ.

"संघाच्या फळ्यावर माझं नाव लावलंय," मावशी म्हणाल्या. "भेसळवाल्यांच्या यादीत. दुकानांनी बरण्या परत पाठवल्या. मी कुणाशी भांडायला नाही आले, साहेब. मला एवढंच सांगा, माझ्या मधाच्या नऊ बाटल्या तुम्हीच नेल्या होत्या ना, यंत्राला शिकवायला? मग यंत्र मला ओळखत कसं नाही?"

दशांशने कागद हातात घेतला. १३.४ हा आकडा त्याला पाठ होता. बाटली क्रमांक १२१चा आकडा हाच होता. यंत्राने तेव्हाच त्याला सांगितलं होतं की मला हा मध समजत नाही. आणि मावशींनी त्याच्याही आधी सांगितलं होतं की हा मध वेगळा का आहे. दोघांचंही न ऐकणारा एकटा तोच निघाला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "बघतो. वेळ लागेल. नमुना ठेवून जा."

मावशींनी बरणी ठेवली, वर "उपकार झाले" म्हणाल्या. त्या शब्दाने तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

बघायचं काय होतं? एका दिवसाचं काम. त्याने नऊ बाटल्यांचे आकडे परत यंत्राला दिले आणि नव्याने शिकवलं. मावशींच्या बरणीतला पाक १३.४ वरून जवळजवळ शून्यावर आला. पण ती देखणी रेषा विस्कटली. यंत्राची चूक पूर्वी पाऊण टक्का होती, ती अडीच टक्क्यांवर गेली. म्हणजे यंत्र आता कमी हुशार आणि जास्त खरं झालं. तो मोठ्या साहेबांकडे गेला. साहेबांनी दार लावून घेतलं.

"चूक कुणाची होत नाही? पुढच्या अहवालात 'सुधारित आवृत्ती' म्हणून टाकून देऊ. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता? त्या बाईंचा निकाल शांतपणे बदलून पाठवा."

दशांशला तो सल्ला आवडला, हे लपवण्यात अर्थ नाही. निकाल 'फेरतपासणीत शुद्ध' असा बदलून त्याने संघाला पाठवला आणि त्याला वाटलं, सुटलो. पण शांतपणे बदललेला निकाल लोक शांतपणे वाचत नाहीत. बाजारात बोललं जाऊ लागलं की बाईंनी कुणाला तरी गाठून कागद फिरवून घेतला. फळ्यावरचं नाव पुसलं गेलं, पण माणसं वळून पाहायची ती पाहतच राहिली. हे दशांशच्या कानावर आलं, तरी तो मूग गिळून बसला. एक आठवडा, दोन आठवडे, अकरा आठवडे. जिन्यावरून जाताना तो त्या चौकटीकडे पाहायचं टाळायचा, आणि ती टाळण्याच्या नादात एकदा पायरी चुकून पडलाही.

बायकोने गुडघ्याला मलम लावता लावता सगळं काढून घेतलं.

"नऊ ठिपके पुसले? एवढंच?"

"एवढंच नाही. त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं."

बायकोने मलमाच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तुम्हाला चूक झाल्याची लाज वाटत नाहीये. ती लोकांना कळेल याची वाटतेय. आधी ते नीट मोजा."

हे मात्र त्याच्या वर्मी लागलं, कारण माप बरोबर होतं.

पुढच्या महिन्यात संघाची सभा होती. घडीच्या खुर्च्या, शिट्ट्या मारणारा माइक, मागे चहाची किटली. दशांश उठला तेव्हा लोकांना वाटलं, यंत्राच्या नव्या आवृत्तीबद्दल सांगणार. त्याने पिशवीतून ती चौकट काढली. जिन्यावरून तिला त्याने कुणाला न विचारता उतरवलं होतं. काचेवर त्याने शाईने नऊ ठिपके काढले होते.

"हे नऊ मी पुसले," तो म्हणाला. "हा तिसऱ्या रांगेत बसलेल्या मावशींचा मध आहे. माझ्यासमोर पेटीतून काढलेला. बाटल्यांत ओलावा नव्हता. ते कारण मी मनाने रचलं, कारण मला सरळ रेषा हवी होती. निकाल कुणी फिरवून घेतलेला नाही. आधीचाच निकाल खोटा होता आणि तो माझा होता."

मागून कुणीतरी विचारलं, "पण सर, मध वेगळा आहे हे तुम्हाला कळणार कसं?"

"मावशींनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग?"

"मी तापमान लिहीत होतो."

एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. दशांशचे कान तापले. मान वर करावी असं त्याला वाटेना. त्याने मनातल्या मनात वाट पाहिली की मावशी उठतील, चार शब्द सुनावतील. शिव्या मिळाल्या असत्या तर त्या त्याने आनंदाने घरी नेल्या असत्या. मावशी मांडीवरच्या रुमालाची घडी उलगडत आणि घालत राहिल्या.

सभा संपल्यावर त्या त्याच्यापाशी आल्या.

"बरं केलंत, साहेब. आता लोक बोलायचे थांबतील." मग म्हणाल्या, "पण तुमच्या कागदावर विश्वास ठेवला हो मी. यंत्र खोटं कसं बोलेल? मला वाटलं, आपल्याच घरात खोट आहे. मी जावेला विचारलं, तू रात्री पेट्यांना पाक पाजलास का? पंधरा वर्षं बरोबर काम केलं तिने. ती तशीच उठली आणि माहेरी गेली. आता बोलावते, तर येत नाही."

या नुकसानीला दुरुस्तीची आवृत्ती नव्हती. मोठ्या साहेबांनी पुढे त्याला चांगलंच सुनावलं आणि एक बढती अडवली. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. उलट, कुणीतरी शिक्षा केली म्हणून जरा झोप लागली.

वर्षभराने मावशी परत आल्या. एकट्याच. टेबलावर एक बरणी ठेवली. मध या वेळी सोनेरी होता, उन्हात धरला तर आरपार दिसणारा. कुणी मागवला नव्हता, कुणी संशय घेतला नव्हता. दुकानदारांना आता कागद लागत नाही असंही त्यांनीच सांगितलं.

"मग कशाला एवढ्या लांब आलात, मावशी?"

"असू द्या. बघा तरी एकदा."

दशांशने यंत्राला हात लावला नाही. कपाटातून नवी वही काढली, तिच्या पहिल्या पानावर आज त्याने मुद्दाम आकड्यांची चौकट आखली नाही. एक चमचा स्वच्छ धुऊन मावशींच्या पुढे केला.

"आधी तुम्ही सांगा. कुठल्या फुलांचा, कुठल्या बाजूचा, केव्हाचा. मी लिहून घेतो. एक एक शब्द लिहून घेतो."

मावशींनी चमचाभर मध जिभेवर ठेवला. डोळे मिटले. दशांश पेन धरून बसला. मावशींच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी डोळे उघडले, परत मिटले, आणि मग चमचा हळूच खाली ठेवला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "जिभेवर आता भरवसा नाही वाटत. बाकी तुमचं यंत्र सांगेल."

त्याने थोडा वेळ वाट पाहिली. त्या यंत्राकडेच पाहत होत्या. शेवटी त्याने उठून बटण दाबलं. यंत्र तापायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास दोघंही समोरासमोर बसून होती, आणि वहीचं पान कोरंच राहिलं.