काकूंच्या होडीतली वाटी

होडी खाडीच्या मधोमध आली तेव्हा मला काठावरून ती वाटी दिसली. पलीकडच्या तीरावरच्या शेवंताकाकू वल्हं मारत होत्या आणि त्यांच्या पायांशी, केळीच्या पानाने झाकलेली वाटी मानाच्या पाहुण्यासारखी बसली होती.

शहर सोडून आम्ही दोघं या बेटावर आलो ते स्वयंपूर्ण व्हायला. छपरावर सोलर, अंगणात विहीर, भात आणि भाजी घरची, गोठ्यात गाय. "आम्हाला कुणाचं काही लागत नाही," असं माझा नवरा फोनवर सगळ्यांना ऐकवतो. काल त्यानेच दह्याचं भांडं चाटूनपुसून साफ केलं. विरजणापुरतंही ठेवलं नाही. मग सकाळी मी गुपचूप काकूंना फोन केला.

गाय दूध देते, विरजण देत नाही. दूध कितीही घरचं असलं तरी त्याला आदल्या दह्याचा चमचा लागतोच, आणि त्या दह्याला त्याच्या आदल्याचा. जगातल्या पहिल्या दह्याला विरजण कुणी दिलं असेल? मला वाटतं, तेव्हाही कुणीतरी असंच होडीतून आलं असावं.

काकू काठाला लागल्या. मी म्हटलं, "उपकार झाले, काकू."

"उपकार कसले गो? तुझंच आहे ते. गणपतीत माझं विरजण संपलं, तेव्हा तूच नाही का दिलंस?"

माझ्या मागोमाग काठावर आलेल्या नवऱ्याची मान लगेच ताठ झाली. "बघ! म्हणजे आपण स्वयंपूर्णच!"

"आहोत की," वाटी हातात घेत मी म्हटलं, "काकूंसकट."