तिसऱ्या मजल्यावरचं मतदान

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मीटिंगमध्ये आवाजी मतदान होऊच देत नाहीत. साधा रंगकामाचा ठराव असला तरी म्हणणार, "हात वर करा. तोंडाने काय, कोणीही हो म्हणतं!" आम्ही वैतागतो, पण करतो.

त्यांचा सैन्यातला मुलगा युद्धात मारला गेला. परवा सत्यनारायणाला खासदार आले. काकूंनी प्रसादाचा द्रोण त्यांच्या हातात दिला आणि सरळ विचारलं, "संसदेत युद्धाच्या चौकशीच्या मागणीवर तुमचं मत काय होतं?"

"आवाजी मतदान झालं हो, काकू. कोण काय म्हणालं, त्याची नोंद नसते."

"मग आता घेऊ. चौकशी हवी असेल त्यांनी हात वर करा."

सगळ्यांचे हात वर गेले. माझाही, जरा उशिराने. खासदारांनी हातातल्या द्रोणाकडे बघितलं.

काकूंनी हात पुढे केला. "द्या इकडे. मी धरते."