झालर लांडग्याची

आमचे अराद गावातले शेजारी बहारीनच्या उकाड्यात, प्रयोगशाळेत बसून प्राण्यांचे केस ओळखतात. जेवायला बोलावलं, की यजमानीणबाईंच्या शालीचा धागा भिंगाखाली धरून जाहीर करतात, “पश्मिना मफी, अजिबात नाही! साधी मेंढी.” साहजिकच त्यांना आमंत्रणांचा त्रास फारसा नसतो.

परवा माझी सहकारी, कॅनडातली इनुइट नर्स, आजीने शिवलेला फरकोट त्यांना दाखवायला आली. “टोपीची झालर लांडग्याची. आजोबांनी एकट्याने मारलेला,” ती अभिमानाने म्हणाली. त्यांनी भिंग काढलं. मी चप्पल शोधू लागलो.

“अंगाला रेनडिअर, बाह्यांना सील,” ते म्हणाले. मग झालर दोनदा भिंगाखाली धरली. “आणि झालर लांडग्याचीच.”

ती खुशीत गेल्यावर मी म्हटलं, “वा, खरा लांडगा!”

“कोल्हा आहे हो,” ते माझ्यावरच खेकसले. “पण तिच्या आजोबांना आता परत शिकारीला पाठवायचं का?”