नाकाचं माप

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बसले की झोपायचे. वर्षानुवर्षं आम्ही ते हसण्यावारी नेलं. ते जेवणाच्या ताटावर झोपले, न्हाव्याच्या खुर्चीत झोपले, एकदा तर गिऱ्हाइकाचा पाय हातात धरून झोपले. दाजींचा धंदा मापाचे बूट शिवण्याचा. माप घेता घेता मान खाली गेली ती वर आलीच नाही. गिऱ्हाईक बिचारं सभ्य, पाय न हलवता बसून राहिलं. ही गोष्ट मी शंभर जणांना तरी रंगवून सांगितली असेल. आता सांगत नाही.

कारण मध्यंतरी ठमी घसरली. ठमी म्हणजे माझ्या भाचीची मुलगी, सात महिन्यांची. जावई बाहेरगावी नोकरीला, त्यामुळे मायलेकी ताईकडेच राहतात. भाची आंघोळीला जाताना पोरीला दाजींच्या मांडीवर देऊन गेली. बाहेर येऊन बघते तर पोर घसरून सोफा आणि टेबलाच्या फटीत अडकलेली, रडून रडून लाल झालेली. लागलं काहीच नव्हतं. पण तेवढ्या रडण्यानेही दाजी जागे झाले नव्हते. भाचीने मला हे फोनवर सांगितलं.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिची रजा संपत होती. ताई शाळेच्या ऑफिसात कामाला, आठला जाते ती तीनला येते. दुकान सकाळचं कारागिरावर सोपवायचं आणि ठमीला दाजींनी सांभाळायचं, असं ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे दाजींनीच ठरवलेलं, पोर जन्मली त्याच दिवशी. आता भाची म्हणाली, "बाबा, तुमची झोप ठीक होत नाही तोवर ठमी एकटी तुमच्यापाशी राहणार नाही. मी पाळणाघर बघते." दाजी उठले आणि येरझाऱ्या घालायला लागले. त्या येरझाऱ्या पुढे महिनाभर थांबल्या नाहीत.

डॉक्टरांनी त्यांना एक रात्र अंगाला तारा लावून झोपवलं आणि सांगितलं, की झोपेत यांचा घसा आतून मिटतो आणि श्वास थांबतो, तासाला चाळीस वेळा. तितक्या वेळा झोप मोडते आणि माणसाला पत्ता नसतो. मग दिवसा पेंग येणार नाही तर काय होईल? उपाय म्हणजे उशाशी हवेचं मशीन. त्याची नळी नाकावरच्या मास्कला जोडायची, हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. रात्रभर मास्क टिकला तर दोन-तीन आठवड्यांत दिवसाची झोप उतरेल, असं ते म्हणाले. सगळं त्या मास्कवर आलं.

मास्क घ्यायला मी बरोबर गेलो. दुकानातल्या मुलीने कागदी पट्टी धरून दाजींचं नाक मोजलं आणि मध्यम मापाचा मास्क दिला. दाजी आरशापुढे ताठ उभे राहिले, मास्क लावला, बोटाने हलवून बघितला.

"सैल आहे. एक नंबर खालचा द्या."

"काका, हा नुसता टेकायला हवा, दाबायला नको," ती म्हणाली.

"अहो, पस्तीस वर्षं मी लोकांना हेच सांगतोय. नवा जोडा घट्टच घ्यावा. चार दिवस चावतो, मग अंगचा होतो."

ती पुढे काही बोलणार होती, पण मीच म्हटलं, "द्या हो लहान, त्यांना कळतं." मला बस पकडायची होती. खरं तेच सांगतो.

त्यानंतर बारा दिवस रोज सकाळी भाची विचारायची, "बाबा, मास्क घातलात ना?" आणि दाजी म्हणायचे, "घातला की." नाकाच्या दांड्यावर चिकटपट्टी आली. विचारलं तर म्हणाले, चष्मा रुतला. मी बसमधला तिकीट तपासनीस. विनातिकीट माणूस मागच्या दाराशी तोंड फिरवून उभा असला तरी मला कळतो. आणि दाजी चष्मा घालतात तो फक्त टाके घालताना, हे मला ठाऊक होतं. तरी ती चिकटपट्टी माझ्या नजरेतून सुटली. ताईलाही कळलं नाही, कारण दाजींच्या घोरण्याला कंटाळून ती लग्नानंतर दोन वर्षांतच कानात कापूस घालून झोपायला लागली होती.

मास्क रात्री किती वेळ लावला याची मशीनची नोंद मोबाइलवर दिसते, हे दाजींच्या गावीही नव्हतं. तेराव्या दिवशी भाचीने ती उघडली. चाळीस मिनिटं, पंचवीस मिनिटं, पन्नास, एका रात्री नुसती अकरा. तिने मोबाइल दाजींपुढे धरला. मी तिथेच होतो, मला नको झालं होतं.

"झोपेचं सोडा बाबा," ती म्हणाली. "मी रोज विचारत होते."

"अंगचा होईल म्हणून थांबलो होतो," दाजी म्हणाले. "आज होईल, उद्या होईल. तोवर तुला काय सांगू?"

ती आत गेली आणि पाळणाघराला फोन लावला. दाजी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले. मला त्यांचा राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त. मी म्हटलं, "चला, पायात चपला घाला. मशीनच्या दुकानात जाऊ."

तिथल्या मुलीने चिकटपट्टी काढली. खाली चांगली जखम होती. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिने वेगळंच विचारलं.

"काका, पायाचं माप तुम्ही बसवून घेता की उभं करून?"

"उभं करूनच," दाजी म्हणाले. "भार पडल्याशिवाय पाय पसरत नाही. बसल्या पायाचं माप घेतलं तर बूट परत आलाच म्हणून समजा."

"मग हा मास्क तुम्ही कधी वापरणार? उभे असताना?"

दाजींनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. आरशापुढे उभं राहून, मशीन बंद ठेवून, झोपायच्या वस्तूचं माप घेतलं होतं त्यांनी. दुसऱ्या कुणी असं माप घेतलं असतं तर त्याला त्यांनी दुकानातून हाकललं असतं.

तिने त्यांना पलंगावर आडवं केलं. आडवं झाल्यावर गाल मागे सरकले, चेहराच निराळा दिसायला लागला. तिने आधीचाच मध्यम मास्क लावला आणि हवा सुरू केली. कडेने शिट्टी वाजायला लागली, हवा डोळ्यांत गेली. दाजींचा हात लगेच पट्टी आवळायला गेला. तिने तो बाजूला केला आणि उलट दोन्ही पट्ट्या सैल सोडल्या. मास्कची कड हवेने फुगली, नाकाभोवती आपसूक बसली आणि शिट्टी थांबली. मग कुशीवर वळवून तेच पुन्हा करून बघितलं, दोन्ही कुशींवर.

"चामडं पायाचं ऐकतं," ती म्हणाली. "हे सिलिकॉन आहे काका. ते कधीच अंगचं होणार नाही. पहिल्या रात्री चावलं तर शेवटपर्यंत चावणार."

दाजींनी डोळे मिटले होते. ऐकलं की नाही, देव जाणे. पाच मिनिटांत झोपले, आणि पलंगावर पालथा पडला तरी घोरणारा हा माणूस चक्क गप्प झोपला होता.

त्या रात्री नोंद आली तीन तास दहा मिनिटांची. सकाळी भाचीने विचारायच्या आत दाजींनी आकडा सांगितला. मग पाच तास. मग पुन्हा दोन, सर्दी झाली होती, तोही सांगितला. मग साडेसहा, सात, सात. दुपारी पेपर हातातून पडेनासा झाला. महिनाअखेर डॉक्टरांनी नोंदी बघितल्या, पोरीला सांभाळायला हरकत नाही म्हणाले. भाचीने पाळणाघराला नको म्हणून कळवलं.

एक तारखेला ती कामावर गेली आणि बारा वाजेपर्यंत मला तीन फोन झाले. "मामा, ड्युटी सुटली ना तुमची? जरा डोकावून या ना." पहाटे चारपासून बसमध्ये उभा होतो, तसाच गेलो.

दाजी खोलीच्या मधोमध उभे होते. ठमी खांद्यावर गाढ झोपलेली. भार या पायावरून त्या पायावर करत होते.

"पोर निजवा की."

"खाली ठेवलं की उठते."

"मग बसा तरी."

"नको."

"कधीपासून उभे आहात?"

"साडेदहापासून."

मी घड्याळाकडे बघितलं. पावणेएक झाला होता.

"मशीन म्हणतं सात तास," दाजी हळू आवाजात म्हणाले. "डॉक्टर म्हणतात बरे आहात. पोरगी ठेवून गेली. पण त्या दिवशी मी झोपलो हे मला कळलंच नव्हतं रे. आज तरी कसं कळणार?"

मला भरून आलं, आणि भरून आलं की मी डाफरतो. "मी काय मेलोय? समोर बसतो, तुमच्यावर नजर ठेवतो. डोळा मिटला की हाक मारतो. बसा म्हणतो ना."

ते खुर्चीच्या काठावर टेकले. पाठ ताठ, दोन्ही हात पोरीभोवती. मी समोर सोफ्यावर बसलो, तपासनीसाची नजर रोखून.

जाग आली तेव्हा माझी मान वाकडी झाली होती. उन्हाची तिरीप भिंतीवर कुठल्या कुठे सरकली होती. मी दचकून समोर बघितलं. दाजी खुर्चीत मागे टेकून बसले होते, ठमी छातीवर, आणि टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते.

"पाच मिनिटांत गेलास," ते म्हणाले. "घोरतोस पण."

"हाक मारायची ना. आणि तुम्ही?"

त्यांनी घड्याळाकडे बोट केलं, पोर उठणार नाही इतकंच.

"एक तास दहा मिनिटं," ते म्हणाले. "बसून."