रोवण्याच्या दिवशी मी पोर निजवली

माझी थोरली नऊ महिन्यांची असताना मी तिला झोपेचं वळण लावायला घेतलं. तेव्हा मी धानोऱ्याकडच्या एका गावात मास्तर होतो, आणि सासरही त्याच गावात होतं. वय चोवीस, अक्कल नवीकोरी, फारशी न वापरलेली. चांद्याच्या उन्हाळी शिबिरात एका शिकलेल्या बाईंनी सांगितलं होतं की लेकराला ठरल्या वेळी, सपाट जागी, शांततेत निजवावं. झुलवू नये, गाऊ नये. मी ते तांबड्या शाईनं उतरवून आणलं होतं.

प्रयोगाला मुहूर्त मिळाला तो सासऱ्यांच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात. गावच्या बाया पाळीपाळीनं एकमेकींचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, उरकत, आणि आमच्या वाट्याला तो एकच रविवार आला होता. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, सकाळीच उपटून जुड्या बांधलेल्या. त्याच दिवशी चिखलात गेले नाहीत तर पिवळे पडणार, आणि उद्या बाया दुसरीकडे. रांगेची म्होरकी माझी बायको. गाणं ती उचलायची आणि बाकीच्यांचे हात त्या गाण्यावर चालायचे. ती पोरीसाठी सारखी वर आली तर रोवणा बुडाला. म्हणून पोरीनं दुपारभर झोपणं भाग होतं.

दुपारची शिदोरी झाल्यावर सासूबाईंनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधली, पोर माझ्याजवळ ठेवली आणि रांगेत उतरल्या.

त्यांची पाठ वळताच मी झोळी सोडली. धुऱ्यावर गोधडी अंथरली, पोर सपाट निजवली आणि वर्गात ओरडतो तसा बांधीकडे तोंड करून ओरडलो, "गाणं बंद! पोर झोपते आहे!"

पोर टक्क जागी होती.

बाया गप्प झाल्या. गावच्या जावयाला तोंडावर कोण बोलणार? पण गाणं थांबलं तसे हातही रेंगाळले. कोणी पुढं, कोणी मागं, रांगेची पार नागमोड झाली. इकडे त्या शांततेत पोरीनं असा टाहो फोडला की शेजारच्या बांधीतले बैल चालायचे थांबले. बायको वर आली, पाजून परत गेली. पुन्हा टाहो. पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी रांगेतल्या एका म्हातारीला राहवेना. "काऊन जी मास्तर, आमी रोवण्याले आलो का शाळेत?"

"शांतता असली की झोपेल ती."

"आमी तं मेल्यावानी गप्प आहो. तिलेच सांगा ना आता!"

बांधीभर हशा. सासूबाई चिखलाच्या पायांनी वर आल्या. त्या माझ्याशी थेट कधी बोलत नसत, जावयाचा मान. त्यांनी नातीला कडेवर घेतलं आणि तिलाच म्हणाल्या, "सांग व माय तुया बापाले. पंधरा रोज झाले, मी मायसंगं रोवण्याले येऊन राह्यली. ऊन डोक्यावर आलं का झोळीत पडते, मायचं गाणं आयकते अन् झोपते. माहा टाईम कधीचा ठरला. बापानं कधी पायलंच नाई."

खरंच पाहिलं नव्हतं. मी त्या वेळी शाळेत पाढे म्हणून घेत असे.

झोळी पुन्हा बांधली गेली. बायकोनं गाणं उचललं, आणि दुसरी ओळ संपायच्या आत पोर गाढ. इतक्या लवकर तर माझ्या वर्गातही कोणी झोपत नसे.

पण गेलेला वेळ भरून काढायचा होता. "एक माणूस रिकामा बसून राह्यला ना तिथं," म्हातारी म्हणाली. मी धोतर खोचून उतरलो. मी लावलेला पऱ्हा पाऊल हलवताच वर तरंगायचा. मागून एक बाई तो निमूट पुन्हा रोवत होती, म्हणजे माझ्यामुळे दोन माणसं अडकली. घटकाभरात मला बाहेर काढून बायांकडे जुड्या फेकायला लावलं.

सूर्य टेकता टेकता शेवटची जुडी उरली. पोर अजून झोपलेली होती. मी मोठ्या उमेदीनं ती जुडी सोडायला लागलो, तर बायकोनं माझ्या हातातून काढून घेतली.

"तुमी नका हात लावू," ती म्हणाली, "आता कुठं काम सरत आलं हाय."